बिनतारी कार्ड आणि वरचं बिऱ्हाड

लेकीने पाठवलेलं पाकीट फोडलं तेव्हा वेलांटीकाकांना आधी ते रिकामंच वाटलं. उलटं करून झटकल्यावर त्यातून पोस्टाच्या तिकिटाएवढं एक काळं कार्ड टेबलावर पडलं. काकांनी ते चिमटीत धरून उजेडाकडे नेलं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि सोबतची चिठ्ठी वाचली. कॅमेऱ्यासाठी बिनतारी मेमरी कार्ड, असं लेकीने लिहिलं होतं.

"बिनतारी म्हणजे काय?" काकांनी विचारलं. "तार आधीच्या कार्डालाही नव्हती."

"अहो, याच्यावरचा फोटो आपोआप हवेतून जातो," काकू म्हणाल्या. "तुम्ही फोटो काढता आणि कॅमेरा कपाटात ठेवून देता. ती मागे येऊन गेली त्याचे फोटो अजून तिने पाहिलेले नाहीत. आता बटण दाबलं की फोटो तिच्याकडे."

'आपोआप' या शब्दावर काकांचा भरवसा नव्हता. त्यांचं उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं, आणि छापखान्यात आपोआप होणारी एकच गोष्ट त्यांनी पाहिली होती, ती म्हणजे चूक. लाल पेन हा त्यांचा एक अवयवच झाला होता. इमारतीच्या फळ्यावर 'पाणि जपुन वापरा' अशी सूचना लागली की पाणी जपून वापरायच्या आधी काका तिथल्या वेलांट्या आणि उकार दुरुस्त करून यायचे. त्यावरून इमारतीतल्या पोरांनी त्यांना वेलांटीकाका केलं, आणि हळूहळू पोरांचे आईबापही तेच म्हणू लागले. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. नाव बरोबर लिहितात ना, एवढंच ते बघायचे.

कार्ड मात्र अगदी वेळेवर आलं होतं, कारण काकांना फोटो काढायचेच होते. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, छताला ओल आली होती. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी, आणि आता तिला हातपाय फुटून ती भिंतीवरून खाली उतरायला निघाली होती. खाली बादली ठेवावी लागली. बादलीसाठी खुर्ची हलवावी लागली, आणि ती खुर्ची साधी नव्हती. दर रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले खाली यायचे, त्या खुर्चीत बसायचे, आणि दोघे मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचे. म्हणजे चष्मेवाले शब्द सांगायचे आणि काका तो कसा चूक आहे ते सांगायचे. दोघांचा रविवार मोठा सुखाचा जायचा.

ओल दिसली तेव्हा काकांनी सभ्यपणे विषय काढला. "तुमच्या न्हाणीघरातून पाझरतंय बहुतेक."

चष्मेवाल्यांनी मान वर केली आणि ते तितक्याच सभ्यपणे म्हणाले, "मला तर काही दिसत नाही. सावली असेल. तुमचा नंबर बदललाय. दुकानात या, तपासून देतो."

ज्या डोळ्यांनी शेकडो पुस्तकांतले निसटते अनुस्वार पकडले, त्या डोळ्यांना हे ऐकावं लागलं! काका म्हणाले, "हा चष्मा तुमच्याच दुकानातला आहे. नंबर चुकला असेल तर तो तुम्हीच चुकवलाय."

यावर चष्मेवाले अर्धं कोडं तसंच टाकून उठले. एखाद्याच्या घराण्याला नावं ठेवलेली चालतात, पण काढलेल्या नंबरला नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. निदान काकांचं आणि चष्मेवाल्यांचं बंद, म्हणजे दोन्ही घरांचं बंद, असं काकांनी धरून टाकलं.

तर कार्ड. ते चालू करायचं तर आधी एखाद्या कॉम्प्युटरशी त्याची ओळख करून द्यायची होती. मग फोटो त्या कॉम्प्युटरवर जाणार आणि तिथून पुढे लेकीकडे. घरातला कॉम्प्युटर कधीच निवर्तला होता. त्याच्यावर काकू इस्त्रीचे कपडे ठेवत.

"माझ्या ओळखीच्या एका बाईंकडे आहे कॉम्प्युटर," काकू पदराने हात पुसत म्हणाल्या. "त्या करून देतील."

त्या कार्ड घेऊन गेल्या आणि पाऊण तासाने परत आल्या. चेहऱ्यावर चहा झाल्याचं समाधान होतं.

"झालं. आता फक्त फोटो काढा."

"पण त्याला ते वायफाय लागतं म्हणतात. आपल्याकडे कुठे आहे?"

"येतंय आपल्याकडे."

"कुठून?"

"हवेतून," काकू म्हणाल्या आणि भाजी बघायला आत गेल्या.

काकांनी यावर पुढे विचारलं नाही. वाक्य व्याकरणशुद्ध असलं की त्यातल्या अर्थाच्या खोलात जाण्याची त्यांना सवय नव्हती. खात्री करून घ्यावी म्हणून ते तळमजल्यावरच्या पेन्शनरांना भेटले. पेन्शनर कुठल्या खात्यातून निवृत्त झाले होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यांना सगळ्या खात्यांतलं कळायचं.

"बिनतारी म्हणजे लाटांचा खेळ," पेन्शनर म्हणाले. "फोटो काढताना कॅमेरा उंच धरा, लाटा वर जातात. फ्रिजपासून लांब राहा. आणि ओल्या भिंतीचा फोटो काढणार असाल तर कॅमेरा आधी उन्हात ठेवा. लाटांना ओल मानवत नाही."

काकांनी कॅमेरा दुपारभर खिडकीत वाळत ठेवला, मग ओलीचे चारही बाजूंनी फोटो काढले, आणि तेच कार्ड स्टुडिओत नेऊन त्यांच्या प्रिंटही काढून आणल्या. प्रिंट घेऊन ते नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात गेले. कार्यालयात खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्याच्याकडे बघून असं वाटे की खिडकी नंतर बसवली असावी.

"ओलीची तक्रार आहे. तुम्ही येऊन पाहणी करा," काका म्हणाले.

"पाहणीला यायचं तर पुरावा लागतो."

काकांनी विजयाने फोटो पुढे केले. कारकुनाने ते पत्त्यांसारखे पिसून पाहिले.

"छत आहे हे. कोणाचंही असेल. छतावर नाव असतं का? तक्रारदार फोटोत दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी काका स्टुलावर चढून, ओलीकडे बोट दाखवत उभे राहिले. कॅमेरा कपाटावर होता आणि त्याला आपोआप फोटो काढायला सांगितलं होतं. हा 'आपोआप' मात्र काकांना जमला. तिसऱ्या खेपेला त्यांचे डोळेही उघडे आले.

संध्याकाळी ते भाजी घेऊन जिना चढत होते आणि चष्मेवाले उतरत होते. बोलणं बंद असल्यामुळे चष्मेवाले कठड्याकडे बघून म्हणाले, "काही लोक स्टुलावर चढतात. त्या स्टुलाचा मागचा पाय डुगडुगतोय म्हणावं. पडतील एखाद्या दिवशी."

काका जिन्यात थिजले. स्टुलावर ते चढले होते बंद दाराआड. याला कसं कळलं?

घरी येऊन त्यांनी टॉर्च आणि छापखान्यातलं भिंग घेतलं आणि छताचा इंच न् इंच तपासला. कुठे भोक नव्हतं. मग त्यांनी केरसुणीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. पोपडे तेवढे पडले. छताची गळती राहिली बाजूला, आता घरातल्या बातम्यांची गळती सुरू झाली होती. त्यांचा पहिला संशय पेन्शनरांवर गेला. दुसरा संशय घ्यायला घरात माणूसच नव्हतं, कारण काकूंवर संशय घेणं काकांच्या स्वप्नातही आलं नसतं. उलट त्यांनी काकूंना ताकीद दिली, "आजपासून घरात हळू बोलायचं. भिंती ऐकतायत." काकूंनी मान डोलावली आणि तोंडाला पदर लावला. काकांना वाटलं, घाबरली बिचारी.

कारकुनाने दुसरा फोटोही परत केला. "हा कधीचा आहे? गेल्या वर्षीचाही असेल. फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिसलं पाहिजे."

"आणि पुरावा पूर्ण झाला की तुम्ही येणार?"

"हो."

"पण पुरावा पूर्ण असेल तर पाहणी कशाला?"

"पुरावा खरा आहे का ते पाहायला," कारकून म्हणाला. अडाण्याला समजावताना येतो तसला त्याचा स्वर होता.

काकांनी वर्तमानपत्र छातीशी धरून फोटो काढला. त्याच दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, फोटो छान पोचतायत. पण सगळे छताचेच का? आणि आज तुम्ही पेपर धरून असे का उभे होतात? आई बरी आहे ना? तिचा एकही फोटो नाही."

"आई छताखालीच आहे," काका म्हणाले. "काम चाललंय. नंतर बोलू."

फोन ठेवून ते दूध आणायला निघाले, तर जिन्यात पुन्हा चष्मेवाले. या खेपेला ते भिंतीशी बोलले. "सात आडवा, 'पाझर'. सोपा होता. लोक उगाच रिकामा सोडतात."

काकांनी घरी धाव घेतली. छातीशी धरलेल्या वर्तमानपत्राची कोड्याची बाजू बाहेर आली होती. सात आडवा रिकामा होता. त्यांनी 'पाझर' घालून पाहिलं. चपखल बसलं, आणि उभे अडलेले दोन शब्दही सुटले. कोडं पूर्ण झाल्याचा आनंद आणि ते शत्रूने पुरं केल्याचा संताप, या दोन्ही भावना एकाच वेळी काकांच्या पोटात गेल्या आणि रात्री त्यांना ओवा खावा लागला.

खिडकीमागून आता शेवटची मागणी आली. तक्रार काय आहे आणि जबाबदार कोण, हे पाटीवर लिहून ती पाटी फोटोत धरायची. काकांनी जाड पुठ्ठा घेतला. कार्यालयाला कार्यालयाचीच भाषा समजते, म्हणून सकाळी आंघोळ उरकून त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'सदर ओलीस वरील बिऱ्हाड जबाबदार आहे.' एका हातात पाटी, दुसऱ्या हातात ताजं वर्तमानपत्र, वर ओल, खाली बादली. फोटो निघाला. काकू 'जरा पलीकडे जाऊन येते' म्हणून कधीच बाहेर पडल्या होत्या. काका कपडे बदलून, कार्ड खिशात टाकून स्टुडिओकडे निघाले.

जिन्यात चष्मेवाले होते. पण आज त्यांनी ना कठड्याकडे पाहिलं ना भिंतीकडे. सरळ काकांकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"ओलीस?" ते कसेबसे म्हणाले. "कोणी धरलंय तुम्हाला? पेपर धरून उभं केलंय! खंडणी किती मागतायत?"

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ओल, ओलीस. ओलीस धरलेला माणूस! ओलीला म्हणायचं ते सरकारी थाटात ओलीस झालं होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारा मुद्रितशोधक आपल्याच हाताने आपल्याला ओलीस ठेवून, वर तारखेचा पुरावा धरून उभा राहिला होता. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. हा फोटो नुकता काढलेला होता. तो त्यांच्या खिशात होता.

काका खाली जायचे ते वर गेले. चष्मेवाले "अहो, थांबा, अहो," करत मागे. वरच्या घराचं दार उघडंच होतं. समोर टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावर खुद्द काका, पाटीसकट, भलेमोठे. पडद्यासमोर सतरंजीवर चष्मेवाल्यांची बायको आणि काकू मटार सोलत बसल्या होत्या.

एक मटार घरंगळत काकांच्या पायाशी आला.

"ओळखीच्या बाई," काका शेवटी म्हणाले.

"ओळखीच्याच आहेत की वहिनी," काकू म्हणाल्या. "भांडण तुमचं. आमचं बोलणं तुम्ही बंद केलंत, आम्ही नाही केलं. मी तुम्हाला खोटं एक अक्षर सांगितलेलं नाही. बाईंकडे कॉम्प्युटर आहे म्हटलं, आहे. फोटो लेकीला जातात म्हटलं, जातात. रोज संध्याकाळी वहिनीच पाठवतात तिला."

"आणि हवेतून येणारं वायफाय?"

"आमचंच आहे ते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या छताला अगदी चिकटून."

म्हणजे फोटो छताचा, तो छतातूनच वर जात होता, शत्रूच्या दिवाणखान्यात. काका चष्मेवाल्यांकडे वळले. "तुम्ही माझे फोटो बघत होतात!"

"मी मागवले होते का?" चष्मेवाले उसळले. "येतात! जेवायला बसलो की येतात. बातम्या लावाव्यात तर छत येतं. पाहुणे बसलेले असताना तुम्ही बनियनवर आलात!" मग त्यांचा आवाज खाली आला. "पण पडद्यावर एवढं मोठं दिसतं ना सगळं. माझी खुर्ची काढून तिथे बादली ठेवलीय. सावलीखाली कोणी बादली ठेवत नाही, एवढं मलाही कळतं. खाली येऊन कबूल करायचं तर... ते जाऊ दे. आज प्लंबर बोलावलाय. सकाळीच घराचं पाणी बंद करून बसलाय आत. फरशी उखडतो म्हणाला."

तेवढ्यात आतून हातोड्याचा पहिला घाव ऐकू आला.

काका जिना उतरले ते एखादं युद्ध जिंकून परतावं तसे. ओलीसची जखम ठसठसत होती, पण तिच्यावर न्यायाचं मलम बसलं होतं. घरी येऊन त्यांनी खुर्ची ओढली, बादलीशेजारी ठेवली, आणि पायावर पाय टाकून ते छतातून येणारा आवाज ऐकू लागले. धाड्. एक फरशी गेली. धाड्. दुसरी. चष्मेवाल्यांच्या न्हाणीघरातल्या फरश्या इमारतीत सगळ्यांत देखण्या होत्या, निळ्या नक्षीच्या. काकांना क्षणभर हळहळही वाटली. जिंकलेल्या माणसाला ती परवडते.

टप्.

बादलीत थेंब पडला. काकांनी समाधानाने मान हलवली. धाड्. टप्. धाड्. टप्.

मग मान हलायची थांबली. वरच्या घराचं पाणी सकाळीच बंद केलंय म्हणाले होते. मग हा थेंब कुठला?

काका हळूच उठले. न्हाणीघराच्या माळ्यावर त्यांची स्वतःची पाण्याची टाकी होती. डुगडुगत्या स्टुलावर चढून त्यांनी टॉर्च मारला. टाकीतून निघणारा नळ भिंतीत शिरत होता, आणि जिथे शिरत होता तिथल्या सांध्यावर पाणी मोत्यांसारखं जमत होतं, ओघळत होतं आणि भिंतीत गुडूप होत होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. काकांनी वरच्यांकडे बोट दाखवायच्या नादात आपल्या माळ्याकडे एकदाही मान वळवली नव्हती.

धाड्, वरून आवाज आला.

खरं सांगायचं तर त्या वेळी काकांच्या मनात एक विचार येऊन गेला. सांधा गुपचूप आवळून टाकावा. ओल वाळेल. वरच्यांची फरशी नवी होईल, त्यांनाही बरंच की. कोणाला काय कळणार? हा विचार त्यांनी स्टुलावर उभ्या उभ्या नीट तपासला, उलटसुलट वाचून पाहिला. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. तरी तो त्यांना छापायला देववेना. ते दारापर्यंत गेले. जिन्याच्या चार पायऱ्या चढले. वर चौघं असतील, त्यांत प्लंबर परका. तिथे उभं राहून काय बोलायचं? ते परत आले.

धाड्.

मग त्यांनी पुठ्ठा उलटा केला आणि लाल पेनाने लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. एकदा अक्षरं, एकदा वेलांट्या. खिशातलं कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं, कॅमेरा कपाटावर न्हाणीघराच्या उघड्या दाराकडे तोंड करून ठेवला आणि ते माळ्याच्या खाली, स्टुलावर, एका हातात पाटी आणि दुसऱ्या हाताने गळक्या सांध्याकडे बोट दाखवत उभे राहिले. पाटीवर होतं: 'ओलीला मी जबाबदार. हातोडा थांबवा.'

कॅमेऱ्याने डोळा मिचकावला.

धाड्, वरून आलं. काका तसेच उभे. फोटो निघाला असेल, छतातून चढत असेल. धाड्. आणखी एक निळी फरशी. या लाटा एरवी जेवणाच्या पानावर जाऊन पोचतात आणि आज कुठे रेंगाळल्या? काकांनी पेन्शनरांचा सल्ला आठवून कॅमेरा उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. धाड्. धा...

हातोडा थांबला.

घरात इतकी शांतता झाली की बादलीतला थेंब मोठा वाटू लागला. मग वर खुर्ची सरकली, आणि जिन्यावर बरीच पावलं वाजली. आधी चष्मेवाले आत आले, मागून वहिनी आणि काकू, आणि सगळ्यांत शेवटी हातात हातोडा घेतलेला प्लंबर. काका अजून कॅमेरा डोक्यावर धरून स्टुलावरच होते.

चष्मेवाल्यांनी टॉर्च मागून घेतला, माळ्यावर बघितलं, ओलीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. काकांनी काय काय ऐकून घ्यायची तयारी केली होती. बोलणारा माणूस शब्दकोड्यातला होता, शब्दांना तोटा नव्हता.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

"उतरा आधी," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी स्टूल धरलं. "तो पाय खरंच डुगडुगतोय." काका खाली उतरल्यावर ते म्हणाले, "मला एवढंच सांगा, आमचं न्हाणीघर तर आता शेत झालंय. उद्या आंघोळ कुठे करायची आम्ही?"

"इथे," काकू आणि काका एकदमच म्हणाले.

प्लंबरने सांधा बदलला. वरच्या फरशीला मात्र वेळ लागणार होता. तसल्या निळ्या नक्षीच्या फरश्या आता मिळत नाहीत, असं त्याने मोठ्या आनंदाने सांगितलं. मग वरचं बिऱ्हाड रोज सकाळी टॉवेल-साबण घेऊन खाली उतरू लागलं. वहिनी झटक्यात आटोपून जायच्या. चष्मेवाल्यांचं तसं नव्हतं. स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं दबून राहिलेलं काहीतरी त्यांना परक्या न्हाणीघरात सापडलं, आणि ते गाऊ लागले. आवाज मोठा, ताल बादलीवर, आणि गरम पाणी भरपूर.

काका खांद्यावर पंचा टाकून दाराबाहेर फेऱ्या मारायचे. नाश्त्याला उशीर व्हायचा. काकू खुणेने सांगायच्या, गप्प बसा, फरशी आपण फोडलीय. काका गप्प बसायचे. उशीर सोसला, थंड पाण्याची आंघोळ सोसली. पण एका सकाळी आतून दुसऱ्या कडव्याचे शब्द आले, आणि ते ऐकून काका जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी कान दाराला लावला. ऐकण्यात चूक झाली नव्हती. मग त्यांनी दोन बोटांनी दार वाजवलं.

"काय हो?" आतून आवाज आला. "झालंच माझं!"

"सावकाश होऊ द्या," काका म्हणाले. "पण ते 'साजणी' नाही. 'साजणा' आहे. पहिल्यापासून घ्या."

मग चष्मेवाल्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून, पूर्वीपेक्षा दुप्पट मोठ्याने, 'साजणी'च म्हटलं.